टीव्ही नको, सुताचे रिकामे कोन द्या

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत एका सद्गृहस्थांनी विचारले होते, सरकार शाळांवर एवढा खर्च करते, तरी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांच्या हातात मोजायला साधे मणीसुद्धा का दिसत नाहीत? शिक्षकांनी थोडी पदरमोड करायला काय हरकत आहे? प्रश्न रागाने विचारला असला तरी रास्त आहे. मी पन्हाळा तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरीचा वर्ग घेते. त्याआधी नदीकाठच्या एका मोठ्या गावात होते. माहेर इचलकरंजीचे. उत्तर जरा लांबेल. जागेअभावी कापायचे झाले तर पैशांचा भाग ठेवा आणि बाकीचे कापा.

समग्र शिक्षा योजनेतून शाळेला संयुक्त शाळा अनुदान मिळते, ते पटावर ठरते. ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,००० आणि त्यापुढे आणखी. आमचा पट तिसाच्या आत, म्हणून दहा हजार. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. त्याबद्दल तक्रार नाही, फिनेल आणि खराटे लागतातच. उरलेल्यात विजेचे बिल, खडू, नोंदवह्या, झेरॉक्स, नळाची तोटी. पन्हाळ्याच्या पावसाआधी कौले चाळायला माणूस लावला की वर्षाचे गणित तिथेच आटोपते. मुलांच्या हातात द्यायच्या वस्तूंचा नंबर सगळ्यांत शेवटी.

पण खरे सांगू का, रक्कम कमी असण्यापेक्षा ती येते कधी आणि खर्च करू देतात कशी, यानेच जास्त अडते. शाळा जूनमध्ये भरते. पहिलीत नव्याने आलेल्या पोराला मोजायला, जुळवायला, ओवायला वस्तू लागतात त्या जून-जुलैत. अनुदान आमच्या शाळेला बहुतेक वर्षी दिवाळीनंतर मिळाले आहे, कधी फेब्रुवारी उजाडला आहे, आणि ३१ मार्चला खर्चाची मुदत संपते. मग मार्चमध्ये तालुक्यातल्या निम्म्या शाळा एकाच दुकानात तेच ते तक्ते घ्यायला उभ्या. पैसे आता रोख हातात येत नाहीत. पीएफएमएस या सरकारच्या ऑनलाइन व्यवस्थेतून थेट दुकानदाराच्या खात्यावर जातात आणि पक्के बिल लागते. गैरव्यवहार होऊ नये म्हणून केलेली व्यवस्था आहे, मोठ्या खरेदीला ती हवीच. पण कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीच्या रविवारच्या बाजारात गोणपाटावर जुना तराजू आणि चार वजने मांडून बसलेल्या आजीकडे कुठले आले जीएसटीचे बिल? मला नेमका तोच तराजू हवा असतो.

समग्र शिक्षेच्या आधी सर्व शिक्षा अभियान होते, तेव्हा प्रत्येक शिक्षकाला साहित्यासाठी वर्षाला ५०० रुपये स्वतंत्र मिळत. पाचशेत काय होणार म्हणून लोक हसायचे. पण ते माझ्या हातात असायचे, माझ्या वर्गाला काय कमी आहे ते मी ठरवायचे, आणि तेवढ्यात भंगारबाजारातून वर्गाचे गणित उभे राहायचे. आजच्या दहा हजारांपेक्षा मला त्या पाचशेचे मोल जास्त वाटते.

राहिली पदरमोड. ती आम्ही करतोच, सगळेच करतात, कुणी बोलत नाही इतकेच. माझ्यासारखीला जमते. पण नव्याने लागलेला शिक्षण सेवक १६,००० रुपये मानधनावर तीन वर्षे काढतो, त्यात खोलीभाडे आणि गाडीचे पेट्रोल. त्याला पदरमोडीचा उपदेश करायला माझी जीभ रेटत नाही.

आता वस्तूंचे. १९८७ मध्ये खडू-फळा मोहीम सुरू झाली. तिच्यातून खेड्यापाड्यांतल्या शाळांना नकाशे, पृथ्वीगोल, विज्ञानाच्या पेट्या, ढोलकीपर्यंत बरेच काही मिळाले. मी नोकरीला लागले तेव्हा त्यातले पुष्कळ कपाटात होते, अगदी कोरे. कारण साधे आहे. जडवस्तू संग्रह नोंदवहीत, म्हणजे आमच्या बोलण्यात डेडस्टॉकला, चढलेली वस्तू फुटली की मुख्याध्यापकाने उत्तर द्यायचे. यादीतून काढायची तर निर्लेखनाचा प्रस्ताव, मग मंजुरीची वाट. बदली झाली की कार्यभार देताना एकेक वस्तू मोजून द्यायची. कोण शहाणा माणूस पृथ्वीगोल पहिलीच्या पोराच्या हातात देईल? पुढे गणित पेट्या आल्या, चांगल्या होत्या, पण काही शाळांत त्यांच्यावरही कुलूप पडले. फुकटात किंवा किलोच्या भावाने आणलेले साहित्य मात्र मुले मनसोक्त हाताळतात. हरवले तर हरवले, कुणाच्या कागदावर त्याची नोंद नसते. उद्या अनुदान दुप्पट झाले तरी पहिली-दुसरीसाठी मी भंगारबाजारातच जाईन.

आणि कोल्हापूरसारखा जिल्हा त्यासाठी शोधून सापडणार नाही. इचलकरंजीत यंत्रमागाला लागणारे सूत पुठ्ठ्याच्या कोनावर गुंडाळून येते. सूत संपले की कोन रिकामा. भावाच्या शेजारी कारखाना आहे, माहेरी गेले की येताना पोते भरून आणते आणि एसटीचा कंडक्टर पोत्याकडे संशयाने बघतो. हे कोन एकात एक घातले की प्रत्येकाची रुंद कड तेवढी बाहेर राहते. त्या कडेवर गोलाकार ० ते ९ लिहायचे. तीन कोन एकात एक घालून आडवे धरले की शतक, दशक, एकक तयार. मुले फिरवून एकमेकांना संख्या लावून देतात आणि वाचायला सांगतात. ३०५ मधले शून्य का सोडायचे नाही हे मी फळ्यावर सांगून दमते, कोन फिरवताना ते आपसूक कळते. कोन उभा ठेवून त्यावर जुन्या प्लास्टिकच्या बांगड्या फेकायचा खेळ होतो, मोजणी त्यातच. निमुळते टोक तोंडाला लावले की कर्णा. माझ्या वर्गात एक मुलगी वाचताना नुसते ओठ हलवायची, आवाज नाही. तिने कोन तोंडाला लावला आणि शेजारच्या वर्गातून गुरुजी दार उघडून बघायला आले.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, पत्र्यातून वायसर पाडताना मधली चकती खाली पडते, ती भंगारात जाते. मी एका कारखान्यात भंगाराच्या भावाने चकत्या मागायला गेले. मालक म्हणाले, "शाळंच्या पोरांस्नी व्हय? मग पैसं कसलं घ्यायचं बाई, न्या की डबा भरून." मी म्हटले, पैसे घ्या आणि पावती द्या, मला हिशेब दाखवायचाय. ते मोठ्यांदा हसले. "भंगाराची पावती? ती पण दोन किलोची?" शेवटी मी पेढे देऊन आले. पेढ्यांचे बिल मिळाले, पण ते शैक्षणिक साहित्यात बसत नाही.

चकत्या तशाच वर्गात आणू नयेत. कडेला बर, म्हणजे पत्रा कापताना राहिलेली धारदार कड, असते, बोट कापते. ती कारखान्यातच काढून घ्यावी. तेल जायला लाकडाच्या भुशात घोळून मग सोड्याने धुवावे. पहिलीसाठी रुपयाच्या नाण्याहून मोठ्याच निवडाव्यात, कारण या वयाची काही मुले वस्तू अजून तोंडात घालून बघतात. दहा चकत्यांची चळत चिकटपट्टीने बांधली की दशक झाला. खराट्याच्या काड्यांचे गठ्ठे आपण सगळ्यांनीच लहानपणी बांधलेत, पण काडीला वजन नसते. एका हातात ५३ आणि दुसऱ्या हातात ३५ चकत्या दिल्या की "दोन्हीत पाच आणि तीनच हैत" म्हणणारा मुलगा लगेच गप्प होतो. तराजूत घातल्या तर बघायलाच नको. बियांचेही तसेच: चिंचोके, सागरगोटे हवे तितके वापरा, पण गुंजा नकोत. लाल-काळ्या दिसायला सुंदर, म्हणून काही शाळांत मोजायला ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत. गुंज विषारी असते, चावली गेली तर जिवावर बेतू शकते. एरंडीची बी पण तशीच.

बाकीचे भराभर सांगते. हॉटेलातला १५ किलोचा तेलाचा पत्र्याचा डबा कापून, कडा दुमडून घेतला की लोहचुंबक चिकटणारा फलक. चुंबक विकत घ्यायला नको. फ्रिजच्या दाराच्या रबरात चुंबकाची लवचीक पट्टी असते, दुरुस्तीवाला जुने रबर टाकूनच देतो, पट्टी कात्रीने कापता येते. अक्षरकार्डांना लग्नपत्रिकांइतका चांगला पुठ्ठा नाही. वर्गाच्या भिंतीला खालून तीन फूट काळा रंग दिला की प्रत्येक मुलाला स्वतःचा फळा मिळतो. आमच्याकडे एका पालकाने, ते रंगारीच आहेत, एका रविवारी मारून दिला. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची वाल ट्यूब वापरून त्रिकोण-चौकोन जोडायची युक्ती टाकाऊ वस्तूंतून खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांची. चौकोन हलतो, त्रिकोण हलत नाही, हे बोटांना कळले की मुले शेडच्या पत्र्याखालची कैची, म्हणजे छताला आधार देणारा सांगाडा, बोटाने दाखवतात: "तिथं पण त्रिकोणच हाय." नुसत्या साधनांनी शाळा होत नाही हेही कोल्हापुरातच शिकायला मिळते. लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये इथेच सृजन आनंद विद्यालय सुरू केले आणि अनुभवातून शिकण्याची वाट दाखवली. आमच्यासारख्या कितीतरी जणींना त्यातूनच धीर आला.

फ्लेक्सवर मात्र दोन ओळी जास्त हव्यात. वाढदिवसाचे डिजिटल फलक या शहरात किती लागतात ते मी सांगायला नको. पाठ पांढरी असेल तर फलक धुऊन ऑइल पेंटने त्यावर संख्यारेषा काढावी, मुलांना तीवरून उड्या मारायला लावाव्यात. सापशिडी, तालुक्याचा नकाशा, काहीही होते. पाठ काळी असेल तर उपयोग नाही. पावसाळ्यात सतरंजीखाली घालायला तेवढा चालतो. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, हे आपल्याकडे प्रत्येक भाषणात येते. भाषण संपल्यावर व्यासपीठामागचा फ्लेक्स आम्हाला द्यावा, एवढी नम्र विनंती.

वाचायला काय द्यायचे, हा त्याहून अवघड प्रश्न. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी आहेत, त्या छापून घ्यायला परवानगी लागत नाही. रंगीत प्रिंट महाग पडते, म्हणून मी काळ्या-पांढऱ्या काढते आणि रंगवायचे काम मुलांवर सोडते. रंगवता रंगवता तीच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचली जाते. पण नदीकाठच्या शाळेत माझ्याकडे पाचवी होती, तेव्हा सगळ्यांत उपयोगी पडल्या त्या दूध संस्थेच्या पावत्या. घरोघरी खिळ्याला अडकवलेल्या असतात. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर, रक्कम, सगळे दशांश अपूर्णांक. ७.० फॅटची म्हैस ६.८ वर आली तर घरात काय बोलणे होते हे त्या पोरांना चांगले ठाऊक असते. दशांश चिन्हानंतरचा आकडा "छोटा" आहे म्हणून सोडून द्यावा, असे त्यांना कधी वाटणार नाही. दहा दिवसांचे बिल आले की बेरीज ताळा करून बघायची. उसाच्या काट्याची पावती तशीच: भरलेल्या गाडीचे वजन, वजा रिकाम्या गाडीचे, राहिला ऊस. पाठ्यपुस्तकातल्या वजाबाकीला चुकून आलेल्या उत्तराचे काही वाटत नाही. ह्या वजाबाकीत चूक झाली की मूल स्वतःच म्हणते, "बाई, एवढा ऊस एका ट्रॉलीत मावंल व्हय?"

आणि आपले वर्तमानपत्र. पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी आपण रोज छापता. त्याच नदीकाठच्या शाळेत एका फुटाला एक इंच असे प्रमाण धरून भिंतीवर उभी पट्टी रंगवली होती. ३९ वर पिवळी रेघ, ती इशारा पातळी. ४३ वर तांबडी, ती धोका पातळी. तांबडी रेघ पहिलीच्या मुलाच्या कपाळाच्या आसपास येते. रोज एकाने अंकातला आकडा शोधायचा आणि खूण करायची. काल ४१ फूट ९ इंच, आज ४२ फूट २ इंच, मग किती वाढले? पाच इंच हे उत्तर यायला वेळ लागतो, कारण बारा इंचांचा फूट असतो हे दशमानात वाढलेल्या मुलांना पटतच नाही. खर्च म्हणाल तर रंगाच्या दोन डब्या आणि आपला अंक. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, म्हणजे त्या पट्टीवर चौथीच्या मुलांच्या डोक्यावरून. तेव्हा पाणी शाळेतही शिरले होते. विकतचे तक्ते आणि चित्रकार्डे यांचा लगदा झाला. लॅमिनेशन केलेल्यांच्याही कडांतून पाणी आत गेले होते. कोन गेले, ते पुन्हा फुकट मिळाले. चकत्या आणि फ्लेक्स धुऊन, वाळवून पंधरवड्यात वर्गात परत. नदीकाठच्या शाळांनी साहित्य निवडताना किमतीआधी हे बघावे, असे मला वाटते.

देणगीदारांविषयी थोडे कडवट बोलावे लागेल. शैक्षणिक उठावातून, म्हणजे शाळेसाठीच्या लोकवर्गणीतून, लोक मनापासून देतात, याबद्दल शंका नाही. पण बहुतेकांना टीव्हीच द्यायचा असतो, कारण टीव्हीवर नाव लिहिता येते आणि समारंभ होतो. वीजबिल थकून जोडणी तुटलेल्या शाळेत भिंतीवरचा मोठा टीव्ही मी पाहिला आहे, वर हार तसाच. एका तालीम मंडळाच्या पोरांनी मात्र आमच्याकडे येऊन आधी विचारले, "बाई, तुम्हाला काय पाहिजे?" मी सांगितले, बसायच्या पट्ट्या आणि एक चांगली कात्री. त्यांचे तोंड उतरले, पण पट्ट्या आणल्या. आजही मुले त्यांवरच बसतात.

तर त्या सद्गृहस्थांना आणि जे निर्णय घेतात त्यांना माझे सांगणे एवढेच. संयुक्त अनुदानातला काही भाग, प्रत्येक शिक्षकामागे हजार-दोन हजार का असेना, जूनमध्येच हातखर्चाला द्या. त्याला पक्क्या बिलाची अट नको. काय आणले ते शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत टेबलावर मांडायचे आणि ठरावात लिहायचे. समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात आणि कुठली वस्तू कितीला मिळते हे त्यांना लेखापरीक्षकापेक्षा जास्त कळते. एक वायसर जरी मी महाग लावला तरी उद्यमनगरात कामाला जाणारा बाप तिथल्या तिथे विचारील. आणि ठरावीक किमतीच्या आतली वस्तू वापरून मोडली तर ती काढून टाकायचा अधिकारही त्याच समितीला असावा. यासाठी नवा पैसा लागत नाही.

वाचकांपैकी कुणाचा यंत्रमागाचा किंवा पंचिंगचा कारखाना असेल, फ्रिज दुरुस्तीचे दुकान असेल, घरात लग्नपत्रिकांचा गठ्ठा साठला असेल, त्यांनी आपल्या जवळच्या जिल्हा परिषद किंवा महापालिकेच्या शाळेत मधल्या सुट्टीत जाऊन बाईंना किंवा गुरुजींना विचारावे. शक्यतो जूनच्या आधी. बंद पडलेले संगणक मात्र कृपया आणू नयेत. ते प्रत्येक शाळेत आधीच आहेत, आणि डेडस्टॉकला असल्यामुळे हलवता येत नाहीत.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका
पन्हाळा तालुका, जि. कोल्हापूर
(नाव छापू नये ही विनंती.)